मी थकले होते, लिहून घ्या

कोणी 'बायकांना दम फार' म्हणून कौतुक केलं की माझं डोकं फिरतं. दमबीम काही नसतो. थांबू दिलं जात नाही, म्हणून चाललेलं असतं सगळं. हे मी वाशीमच्या एका जिनात शिकले, अठराव्या वर्षी, आणि ते शिकण्याची किंमत मी नाही, दुसऱ्याच बाईने मोजली.

जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. दिवाळी सरली की रिसोड-मालेगावकडून कापसाच्या गाड्या लागायच्या. फाटकाबाहेर बैल सोडून गाडीवाले दोन-दोन दिवस पडून राहायचे. आत टिनाच्या लांबलचक शेडमध्ये एकाच इंजिनावर पट्ट्यांनी चालणाऱ्या यंत्रांच्या दोन रांगा, आणि प्रत्येक यंत्रापुढे एक बाई. तिने मुठीमुठीने कापूस पुढे सरकवायचा. चामड्याचा रूळ तो ओढून घेई, पलीकडे रुई पडे, खाली सरकी. रुळाला कापूस काय अन् बोट काय, सारखंच. जो पुढे येईल तो ओढायचा, एवढंच त्याला ठाऊक.

माझ्या डाव्या हाताला एक मुसलमान बाई बसायची. चाळिशीची, काटक, तोंडात सदा सुपारी. तिला आम्ही सगळ्या खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. पहिल्याच दिवशी भाकरीच्या सुटीत तिने मला जवळ बसवलं आणि विचारलं, "जांभई आली का व तुले?"

मी घाबरून नाही म्हटलं. नवीन बाई जांभया देते असं मुकादमाच्या कानावर गेलं तर?

"येऊ दे. जांभईले काहून भेतं? जांभई येते तोवर मानूस शुद्धीवर रायते. भ्याचं ते त्याच्यापुढं."

त्याच्यापुढचं तिने मला एका दिवसात सांगितलं नाही. समोरच्या बाया दाखवून दाखवून सांगितलं. ती पाह्य, उगाच हसून राह्यली, हसण्यासारखं काहीच नाही. ती दुसरी, गाण्याची एकच ओळ चौथ्यांदा म्हणते. गोंगाटात आवाज येत नसला तरी ओठांवरून कळतं. मान ताठली, खांदे कानाला लागले, श्वास घ्यायचा राहून जातो. मग बोटं जाड वाटतात, आपली नव्हेत, शेजारणीची उसनी आणल्यासारखी. एकदा एका बाईला पाणी पिता पिता स्वतःच्या पोराचं नाव आठवेना. आम्ही खो-खो हसलो. खाला हसली नाही. तिने त्या बाईला तासभर रुईच्या ढिगावर निजवलं आणि मुकादमाला सांगितलं, पोटात दुखतं.

"अन् एक ध्यानात ठेव," ती म्हणायची, "इंजिनाचा आवाज बंद झाल्यासारखा वाटला, तं पयले हात मांडीवर घे. इंजिन बंद झालं नसते. तू बंद झाली असते."

शेडमध्ये बायांचा एक कायदा होता. कोणी लिहिला नव्हता, पण मोडत कोणी नव्हतं. शेजारणीने खांद्यावर हात ठेवला की उठायचं. का, कशाला, विचारायचं नाही. रांजणापाशी जायचं, डोळ्यांवर पाणी मारायचं, दोन घोट प्यायचं, परत यायचं. तोवर शेजारीण दोन्ही यंत्रं सांभाळी. थकलेल्या बाईला आपण थकलो हे सगळ्यांत शेवटी कळतं, म्हणून ते ठरवायचा हक्क तिचा नाही, शेजारणीचा. 'थकली' हा शब्द मात्र कोणी तोंडातून काढायचा नाही. तो मुकादमाने ऐकला की दुसऱ्या दिवशी ती बाई फाटकावरूनच परत.

आणि मी? महिन्याभरात माझा हात असा बसला की मुकादम सगळ्यांदेखत म्हणायचा, "ही पोरगी यंत्राले लाजवते." खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. सासरी कोणी कधी शाबासकी दिली नव्हती. इथे परका माणूस देत होता, आणि मी ती घेऊन हात आणखी जोरात चालवत होते. लाजवायची आहेत ना यंत्रं, मग घ्या!

त्या दिवशी गाड्यांची रांग पार सडकेपर्यंत गेली होती. मुकादमाने सकाळीच सांगून टाकलं, आज भाकरीची सुटी नाही, जागेवरच दोन घास खा. दोन घास कसले, एका हाताने भाकर आणि एका हाताने कापूस. टिन तापलं. हवेत रुईचे तंतू इतके की समोरची रांग धुक्यात बसल्यासारखी दिसत होती. दुपार उतरायच्या सुमाराला खालाचा हात माझ्या खांद्यावर पडला.

मी खांदा झटकला.

तो कायदा मोडणारी त्या शेडमधली मी पहिली. थोड्या वेळाने पुन्हा हात पडला, या वेळी जड. मी वळून तिच्यावर ओरडले, "मले काई झालं नाई! तुहं तू पाह्य, म्हातारे!"

तिने हात काढून घेतला. मला बरं वाटलं. सगळं कसं शांत शांत वाटत होतं. इंजिन नाही, पट्ट्यांची फडफड नाही, नुसता कापूस आणि माझी बोटं. ही शांतता आपल्या कामातल्या तरबेजपणाची आहे असं मी समजत होते! खाला पुन्हा तिच्या यंत्राकडे वळली खरी, पण तिचा एक डोळा माझ्या हातांवर होता. दोन यंत्रं ती बिनचूक सांभाळायची, पण त्या दिवशी ती एक यंत्र आणि एक हट्टी पोरगी सांभाळत होती.

तिची किंकाळी मला ऐकूच आली नाही. मला दिसला तो पांढऱ्या रुईतला लाल रंग.

यंत्राचा पट्टा उतरवेपर्यंत खालाच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाची दोन पेरं गेली होती. एका गाडीवाल्याने कापूस तसाच खाली लोटला आणि तिला गाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. मुकादम म्हणाला, बसा जागेवर. बाया बसल्या. मीही बसले, पण कापसाला हात लावला नाही.

तासाभरात मला कचेरीत बोलावलं. मॅनेजर खुर्चीवर, शेजारी कारकून, दाराशी मुकादम. कारकुनाने कागद वाचून दाखवला. सदर बाई कामाकडे लक्ष न देता इकडेतिकडे पाहत होती, तिच्याच हयगयीने तिला इजा झाली. शेजारची बाई म्हणून मी खाली अंगठा द्यायचा होता.

गंमत अशी की 'इकडेतिकडे पाहत होती' हे खरं होतं. ती माझ्याकडे पाहत होती.

हा कागद झाला की वाशीमच्या एकाही जिनाच्या फाटकातून खालाला आत घेणार नाहीत, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. तिच्या घरात कमावणारी ती एकटी. मुकादमाने शाईची डबी माझ्यापुढे सरकवली आणि गोड आवाजात म्हणाला, "दे अंगठा अन् जाय कामावर. तुह्या जागेले धक्का लागत नाई."

त्याच्या त्या गोडपणाची मला अशी काही शिसारी आली की आतलं भय कुठल्या कुठे पळालं.

"मी थकली होती," मी म्हटलं. "हे लिवा."

कारकून माझ्या तोंडाकडे बघायला लागला. मॅनेजर म्हणाला, "तुझ्या थकण्याचा इथे काय संबंध?"

"तोच तं संबंध हाय. मले इंजिनाचा आवाज येत नव्हता. बोटं माही मले वाटत नव्हती. तिनं दोन डाव मले उठवलं, मी नाई उठली, वरतून तिलेच बोलली. माहा हात जाऊ नये म्हून ती माह्याकडं पाहत होती, त्याच्यात तिचं बोट गेलं. अन् भाकरीची सुटी कोनं बंद केली, तेबी लिवा."

"उद्यापासून येऊ नको," मुकादम म्हणाला. आता आवाज गोड नव्हता.

"नाई येत. पन मी थकली होती, लिवून घ्या."

माझा आवाज चढला होता वाटतं, कारण शेडच्या दाराशी बाया उठून आल्या होत्या. समोरच्या रांगेतली एक आडदांड बाई तिथूनच ओरडली, "मी बी थकली!" मग आणखी एक. मग तिसरी, अगदी बारीक आवाजात. बाकीच्या खाली मान घालून उभ्या राहिल्या. त्यांच्या घरी खाणारी तोंडं होती, त्यांना मी कधी नावं ठेवली नाहीत.

अंगठा मी दिला नाही, आणि त्या कागदावर अंगठा द्यायला दुसरी कोणी पुढे आली नाही. त्या हंगामात मला जिनाचं फाटक पुन्हा दिसलं नाही. भाकरीची सुटी तिसऱ्या दिवशी परत सुरू झाली. गाड्या ओसरल्या म्हणून, असं मुकादम सांगायचा. सांगू दे. महिन्याभराने खाला त्याच जिनाच्या आवारात कापूस निवडायला बसली, नऊ बोटांनी, आणि पुढे कित्येक वर्षं बसली.

पण त्या दिवशी कचेरीतून निघाले ती मी सरळ दवाखान्यात गेले. खाला ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती, हाताला हे एवढं बांधलेलं. मी पाया पडायला वाकले, तर तिने पाय ओढून घेतले.

"तुह्या पायी गेलं बोट," ती म्हणाली.

"व्हय."

"त्यायले काय सांगतलं?"

"हेच सांगतलं."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही कधी नाही. मीही तशी आशा धरली नाही. म्हणाली एवढंच, "घरी जाय अन् झोप. तुहे डोये पाह्य कसे झाले."

घरी आले तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. मी पटकूर टाकलं आणि आडवी झाले. सासू चुलीपुढून उठून आली. "हे काय व? दिवस बुडाला नाई अन् आडवी? पानी कोन भरन?"

"मी थकली," मी म्हटलं.

त्या घरात हा शब्द तिने कोणाच्या तोंडून ऐकला नसावा. तिने स्वतः तरी कधी उच्चारला होता की नाही, देव जाणे. ती घागर कमरेवर घेऊन आपणच विहिरीकडे गेली. मी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपले, आणि उठल्यावर कोणाची माफी मागितली नाही.