विकलेली साडी

माझी आत्या शाळेत शिवण शिकवायची. नव्वदच्या दशकात ती निवृत्त झाली आणि वर्षभरातच तिनं नाशिकला गंगापूर रोडवर जुन्या कपड्यांचं दुकान काढलं. आमच्या घरात कुणालाच ते पटलं नव्हतं. जुने कपडे भांडेवालीला घालायचे, त्यावर एखादं पातेलं नाहीतर डबा पदरात पाडून घ्यायचा, ही सगळ्यांची रीत. आत्याला ते बघवायचं नाही. "अजून दहा वर्षं जाईल असं लुगडं, आणि वाटीवर घालवता?" असं ती शेजारणींना तोंडावर म्हणायची.

दुकान म्हणजे एका बंगल्याचं गॅरेज. बंगल्याच्या मालकीणबाईंची मुलगी आत्याची विद्यार्थिनी होती, त्यामुळे त्यांनी ते भाड्याशिवाय दिलं. आजूबाजूच्या कॉलन्यांतून गाठोडी यायची. आत्या ती निवडायची, धुवायची, हुक-बटणं लावायची, फाटलं असेल तिथं रफू करायची आणि इस्त्री करून मांडायची. मी तेव्हा बी.कॉम. होऊन नोकरीच्या शोधात होते, त्यामुळे दुपारभर तिच्या हाताखाली. विक्रीतून जे येईल त्याचे हिवाळ्यात आश्रमशाळेतल्या मुलींना स्वेटर जायचे.

"फुकटच वाटून टाका ना," असं पुष्कळ जण सुचवायचे. आत्या ऐकायची नाही. "फुकट घेतलं की माणूस मिळेल ते घेतो. विकत घेतलं की निवडून घेतो. रंग आवडला नाही तर नको म्हणतो. तेवढं तरी त्याला म्हणता आलं पाहिजे."

आणि खरंच, दुकानात निवडणं चालायचं. सातपूरच्या कारखान्यांतल्या बाया यायच्या. द्राक्षांच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडच्या डोंगरपाड्यांवरची माणसं मखमलाबादच्या मळ्यांत कामाला असायची, ती बुधवारच्या बाजाराला आली की आमच्याकडे डोकावायची. त्यांतली एक बाई मला अजून दिसते. बारीक अंगाची, कमी बोलणारी. दरवर्षी यायची, आणि दरवेळी कपडा उजेडात नेऊन, शिवण ताणून बघायची. आत्याला असं गिऱ्हाईक फार आवडायचं.

एका वर्षी मालकीणबाईंच्या सासूबाई गेल्या. काही महिन्यांनी मालकीणबाईंनी त्यांचं कपाट रिकामं केलं आणि एक मोठं गाठोडं स्वतः आमच्याकडे आणून ठेवलं. त्यात एक डाळिंबी रंगाची, हिरव्या काठांची येवल्याची रेशमी साडी होती. आत्यानं विचारलंसुद्धा, "ही ठेवायची नाही का घरात?" त्या म्हणाल्या, "कोण नेसणार, बाई? कुणाच्या तरी अंगाला लागू दे."

आत्यानं ती रिठ्याच्या पाण्यात धुतली, निऱ्यांजवळ विरलं होतं तिथं रफू केलं आणि सावलीत वाळवली. त्या बुधवारी ती पेठकडची बाई आली. साडी तिनं उचलली, खाली ठेवली, दुकानभर फिरून आली आणि पुन्हा उचलली.

"पोरीचं लगीन हाय," ती म्हणाली. "तिला घेते."

आत्यानं साडी कागदात गुंडाळून दिली. बाईनं पाड्याचं नाव सांगितलं, एसटी कुठं थांबते ते सांगितलं. "लग्नाला या बरं, बाय. दोघी या."

आत्यानं येते म्हटलं. नवरीसाठी म्हणून तिनं हिरव्या बांगड्याही आणून ठेवल्या होत्या.

पुढे वर्षश्राद्धासाठी मालकीणबाईंची नणंद पुण्याहून आली. तिनं आईची डाळिंबी साडी मागितली, आणि ती दुकानात दिली हे कळल्यावर त्या घरात व्हायचं ते झालं. दुसऱ्या दिवशी दोघी नणंदा-भावजया गॅरेजमध्ये आल्या. नणंद आमच्या लाकडी स्टुलावर बसली आणि लहान मुलासारखी रडायला लागली.

"माझ्या लग्नात आई तीच नेसली होती हो. मला काहीच नको तिचं, दागिने नकोत. तेवढी साडी द्या."

"साडी विकली गेली, ताई," आत्या म्हणाली.

"जिला विकली तिला दुसरी देऊ. नवीन देऊ. तिला काय, साडीशी मतलब!"

जाताना मालकीणबाई दाराशी थांबून हळूच म्हणाल्या, "बाई, माझ्यासाठी एवढं करा. हे मला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल." गॅरेजचा विषय त्यांनी काढला नाही. काढायची गरजही नव्हती. पण साडी परत आणायला आत्या केवळ गॅरेजसाठी गेली असं मी कधीच मानलं नाही. तिची स्वतःची आई लहानपणीच गेली होती, आणि समोर एक बाई आईसाठी रडत होती.

पेठ नाक्यावरून आम्ही एसटी पकडली. मालकीणबाईंनी दिलेली नवी कोरी साडी आत्याच्या पिशवीत होती, त्या हिरव्या बांगड्याही होत्या. फाट्यावर उतरून उन्हातून बरंच चालावं लागलं. पाड्यावर घरापुढे मांडवाचे खांब रोवलेले होते, बाजूला मोहाची फुलं वाळत घातली होती. बाईनं आम्हाला लांबून ओळखलं आणि अक्षरशः धावत आली.

"लगीन तर सोमवारी हाय! आधीच आल्या? बरं केलं, बरं केलं." तिनं घरातल्यांना हाका मारल्या. "नाशिकच्या बाय आल्या!"

बसायला घोंगडी अंथरली. पाणी आलं, मग कोरा चहा. नवरी मुलगी पाया पडली. शिवून आलेलं ब्लाऊज आम्हाला दाखवायला आतून घेऊन आली. हिरवं, साडीच्या काठाला जुळणारं. मी आत्याकडे बघेना, आत्या माझ्याकडे बघेना. शेवटी आत्यानं कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. साडी कुणाची होती, ती लेक कशी रडते आहे, सगळं. पिशवीतून नवी साडी काढून पुढे ठेवली. सोबत बाईनं साडीसाठी मोजलेली किंमतही ठेवली.

बाई ऐकत राहिली. मग म्हणाली, "इकत घेतली व्हती ना आम्ही, बाय?"

आत्या म्हणाली, "हो."

बाई उठली, आतून साडी घेऊन आली. ज्या कागदात आम्ही दिली होती त्याच कागदात होती. पुढे केली आणि म्हणाली, "न्या. मेलेल्या माणसाचं हाय, मागं कुणाचं रडं नको." नव्या साडीला आणि पैशांना तिनं हात लावला नाही. आत्यानं किती विनवलं. "नको," एवढंच. आवाज चढला नाही, तोंड वाकडं केलं नाही. मुलगी मात्र ब्लाऊज हातात धरून दारात उभी होती, ती आत निघून गेली. बांगड्या आत्याच्या पिशवीत तशाच राहिल्या. त्या काढून द्यायचं तिला धैर्य झालं नाही.

नाशिकला आल्यावर आत्या सरळ बंगल्यात गेली. नणंदेनं साडी घेतली, उलगडली, तोंडाशी नेली. मग आमच्याकडे बघून म्हणाली, "धुतलीत तुम्ही?"

"धुतली," आत्या म्हणाली.

"वास गेला आईचा."

साडी घेऊन ती पुण्याला गेली.

त्यानंतरच्या हंगामात ती बाई आली नाही. तिच्या पाड्यावरच्या, आसपासच्या बायाही हळूहळू यायच्या थांबल्या. आमच्याबद्दल तिनं काही सांगितलं असेल असं नाही वाटत. फक्त ती येत नव्हती, आणि तिच्याबरोबर येणाऱ्याही. सातपूरच्या बाया येत राहिल्या, दुकान आणखी काही वर्षं चाललं. पण एखादी चांगली साडी आली की आत्या देणाऱ्यांना उलटसुलट विचारायला लागली, आणि लोक चिडून ती भांडेवालीलाच द्यायला लागले. पुढे मालकीणबाईंच्या मुलानं गाडी घेतली. गॅरेज रिकामं करून देताना आत्यानं कटकट केली नाही.

एकदा मी तिला म्हटलं, "तू तरी काय करणार होतीस? ती एवढी रडत होती."

"हो, जी रडली तिचं मी ऐकलं," आत्या म्हणाली. "जी रडली नाही, तिचं ऐकायला हवं होतं."

दोन हजार सालानंतर केव्हातरी एका कॉलेजच्या मुली तिला शोधत घरी आल्या. जुने कपडे पुन्हा वापरा, पर्यावरण वाचवा, असं काहीतरी प्रदर्शन त्यांना भरवायचं होतं. आत्याचं दुकान नाशिकमधलं असं पहिलं, म्हणून तिनं येऊन चार शब्द बोलावेत अशी त्यांची इच्छा होती. मुली चांगल्या होत्या, मनापासून बोलत होत्या. पाणी किती वाचतं, कापूस किती वाचतो, हे त्यांनी आत्याला समजावून सांगितलं. आत्यानं सगळं ऐकून घेतलं, त्यांना पोहे खायला घातले आणि यायला मात्र नकार दिला. गुडघ्यांचं कारण सांगितलं.

मुली गेल्यावर आत्या पुढच्या खोलीतच बसून होती. मग मला म्हणाली, "सोमवारी लग्न होतं. तिला काय नेसवलं असेल गं त्यांनी?"

मी बशा उचलल्या आणि आत गेले.