खाली जमीन हाय

शेवटच्या दिवशी संध्याकाळी आमची गयाबाई चुलीपुढं बसून जर्मलच्या परातीत भाकरी थापत होती आन् मी बाजूला बसून पऱ्हाटी मोडून चुलीत सारत होतो. जाळ जास्त झाला की ती म्हणायची, "भाकर भाजायची हाय, मला न्हाई." त्या दिवशी बी म्हणली. मग जेवलो, झोपलो. सकाळी ती उठलीच न्हाई...

हे मी पुण्याहून लिहून राहिलो, पोराच्या फ्लॅटातून. नववा मजला. दार ओढलं की आपोआप कुलूप बसतं आन् लिफ्टमधी एकट्यानं जायला मला भेव वाटतं. तिला महिना झाला आन् दत्ता मला इकडं घेऊन आला. लेकरू चांगलं हाय, त्याला बोल लावत न्हाई. पण कोंडवाड्यातल्या ढोराला बी कुणीतरी सोडवायला येतं. मला सोडवणारी तीच होती. तिची परात संगं आणली, ती कपाटावर पडून हाय.

मागं आमी दोघं इथंच राहायला आलो होतो. पहिल्याच सकाळी तिनं हीच परात फरशीवर मांडली आन् भाकर थापली. खालच्या मजल्यावरचा माणूस वर आला, "काय ठोकताय हो सकाळी सकाळी?" सुनेनं बिचारीनं परातीखाली चादरीची घडी घातली. गयाबाई मला म्हणली, "इथं भाकरीला बी अंथरूण लागतं, पहा." आमी हसलो. मग हसणं बंद झालं. रोज मुकी भाकर खाऊन राहिलो. गावात जन्मभर त्या थापण्याच्या आवाजानं उठलो, पण तो आवाज हाय हे मला ठाऊकच न्हवतं. इथं आल्यावर कळलं. मी दिवसभर खिडकीतून खालच्या गाड्या पाहायचो. शेवटी तिनंच पोराला सांगितलं, "दत्ता, आमाला गावी पोचव. तुझा बाप खिडकीला डकला."

हिंगोलीला एसटीतून उतरलो, सेनगावच्या जीपमधी दाटीनं बसलो. परात सगळ्या वाटेनं तिच्या मांडीवर. घरी आल्यावर पहिलीच भाकर तिनं अशी थापली की मी म्हणलं, "हळू गं!"

"काहून हळू? आता खाली कोण राहातं? खाली जमीन हाय."

तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारची शमीम ओरडली, "काकी, आल्या व्हय?" तिची जुनी सवय. परात वाजली की तिची हाक यायचीच. त्या हाकेसाठी गयाबाई पहिली भाकर मुद्दाम जोरात थापायची, असा मला संशय हाय. थोडेच दिवस भेटले तिला ते...

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं. सुतकाची चूल बंद. सगळे हळू आवाजात बोलून राहिले, त्या फ्लॅटातल्यासारखे. दत्ता जवळ येऊन म्हणला, "बापू, इथं एकटे कसे राहताल? महिना झाला की चला." मला तर साधी भाकर बी येत न्हाई. मी उठलो, परात घेतली आन् चुलीपुढं बसलो.

"बापू, चूल पेटवायची नसते."

"पेटवून राहिलो का मी?"

पीठ न्हवतं, जाळ न्हवता. रिकाम्या परातीत तळहात हाणला. पुन्हा हाणला, ती हाणायची तसाच, जोरात. भिंतीपलीकडून सवयीनं हाक आली, "काकी..." आन् शमीम मधीच थांबली.