मढवीशेठच्या गाडीचा आवाज

ठाण्याजवळच्या दिव्यात महिपत मढवीला ओळखत नाही असा माणूस नाही, असं महिपत मढवीचं स्वतःचं मत होतं. बाप नाथा खाडीत जाळं टाकायचा. महिपतने जाळं सोडून रेतीच्या बोटीवर काम धरलं, बोटीचं इंजिन सांभाळलं, पुढे बोटच घेतली. दिव्यात चाळी आणि इमारती धडाधड उभ्या राहू लागल्या तेव्हा त्यातल्या निम्म्यांच्या पायात महिपतची रेती पडली. इमारती झाल्या, माणसं राहायला आली, पण नळाला पाणी काही आलं नाही. मग महिपतने पाण्याचे टँकर घेतले. दिव्याला पाणी मिळालंच पाहिजे म्हणून जो मोर्चा निघे त्याच्या पुढे महिपत असे, आणि मोर्चाहून दमून आलेल्या लोकांना त्याचाच टँकर पाणी देई. यात त्याला काही चुकीचं वाटत नसे. मोर्चा ही समाजसेवा होती आणि टँकर हा धंदा.

एवढं झाल्यावर माणसाला नगरसेवक व्हावंसं वाटणं साहजिक होतं. त्या तयारीतच त्याने गाडी घेतली. दुबईहून परतलेल्या एका माणसाकडून घेतलेली, पांढरी, काळ्या काचांची, उंच जपानी जीप. दिव्यातल्या बहुतेक गल्ल्यांत ती शिरतच नसे. घरापासून रेल्वे फाटकाजवळच्या पक्ष कार्यालयापर्यंत आणि तिथून ठाण्याला, एवढाच तिचा संचार. पण आत बसलं की समोरचा प्रत्येक माणूस खाली दिसे, आणि नेत्याला याहून जास्त काय लागतं.

गणपतीच्या सुमाराला गाडी ओरडायला लागली. ब्रेक दाबला की पुढच्या चाकांतून अशी किंकाळी निघे की फाटकावरची कुत्री उठून बसत. दुसऱ्या कोणाला लाज वाटली असती. महिपतला वेगळाच अनुभव आला. तो कार्यालयासमोर थांबायचा तेव्हा आत सगळे उभे असायचे. पत्ते दिसायचे नाहीत, चहा सांगितलेला असायचा, आणि त्याचा उजवा हात गुणाजी दारात येऊन म्हणायचा, "या शेठ, तुमचाच विषय चालला होता."

"माणसं मानतात मला," महिपत घरी बायकोला सांगायचा.

"माणसांना ऐकू येतं," केशरबाई म्हणायची. "अहो, ब्रेक बघून घ्या."

केशरबाई बोलायला कमी होती. धंद्याचं तिचं काम एवढंच, की रोज सकाळी दारात येणाऱ्या बायकांचं ऐकायचं आणि कोणता टँकर कोणत्या चाळीत आधी जाईल ते ड्रायव्हरला सांगायचं. महिपतच्या लेखी हे घरातलं किरकोळ काम होतं.

मुंब्र्याच्या उतारावर एकदा पुढे भाजीचा टेम्पो थांबला. महिपतने ब्रेक दाबला तर किंकाळीऐवजी लोखंडावर लोखंड घासल्याचा खरखराट आला, आणि गाडी टेम्पोच्या मागच्या फळीला नाक लावून कशीबशी थांबली. टेम्पोवाला उतरून म्हणाला, "शेठ, एवढी मोठी गाडी, अन् ब्रेकचे वांदे?" महिपत काच वर करून बसून राहिला.

ब्रेक करायलाच हवे होते. पण कुठे? दिव्यात इम्पोर्टेड गाडीला हात लावणारं एकच गॅरेज होतं, आणि ते होतं परशुरामच्या मेव्हण्याचं. परशुरामही तिकिटासाठी देव पाण्यात घालून बसलेला. गाडी तिथे गेली की संध्याकाळपर्यंत गावभर होणार, महिपतच्या गाडीला ब्रेक नाहीत. ठाण्याला न्यावी तर वाटेत मुंब्र्याचा उतार. आणि मोठी अडचण म्हणजे गेलं वर्षभर महिपत प्रत्येकाला सांगत आला होता की जपानच्या गाडीला गॅरेज माहीत नसतं.

"मीच करतो," तो म्हणाला. "बोटीचं इंजिन खोललंय मी. ब्रेक म्हणजे काय?"

मुंबईला ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या बाजारातून त्याने ब्रेक पॅड आणि पुढच्या दोन्ही चाकांच्या नव्या डिस्क आणल्या, आणि कोणाला दिसू नये म्हणून मिठाईच्या खोक्यांत घालून घरात आणल्या. रविवारी दुपारी गेट लावून घेतलं. गाडीवर बोटीची ताडपत्री बांधली. तिच्याखाली पांढरा सदरा काढून, बनियनवर, दिव्याचा भावी नगरसेवक जॅक लावून बसला. मदतीला केशरबाई.

चाक निघालं. त्यामागचा कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा भाग, तोही महिपतने व्यवस्थित खोलला आणि त्याची नळी ताणू नये म्हणून तारेने वर टांगून ठेवला. जुने पॅड हातात आले. घासायचं अस्तर पार संपून नुसता पत्रा उरला होता, आणि त्या पत्र्याने डिस्कवर नांगरल्यासारखे चर पाडले होते.

"एवढ्यावर तुम्ही रोज ठाण्याला जात होतात?" केशरबाईने विचारलं.

"जपानची गाडी आहे."

खरा घोळ डिस्क काढताना झाला. खाडीच्या हवेने ती गंजून अशी बसली होती की हलेना. महिपतने तेल सोडलं, हाताने ओढली, मग हातोडा घेतला. रविवारची दुपार, आजूबाजूचे लोक जेवून आडवे झालेले, आणि मढव्यांच्या अंगणात ताडपत्रीखाली ठणाठण. तासाभरात गेटबाहेर घोळका जमला. गुणाजी आला आणि फटीला तोंड लावून म्हणाला, "शेठ, लोक विचारतायत. काय सांगू?"

"काहीही सांग. आत येऊ देऊ नकोस."

गुणाजीने थोडा विचार केला आणि लोकांना सांगितलं, की आत देवीचं काम चाललंय. नवरात्र आठवड्यावर आलं होतं, त्यामुळे लोकांना पटलं. ठोके ऐकून कोणी म्हणालं मखर असेल, कोणी म्हणालं धातूची मूर्ती असेल. संध्याकाळी डिस्क एकदाची सुटली आणि महिपत तिच्यासकट मागे आपटला, तेव्हा गेटवर विमलाबाई आणि चाळीतल्या आणखी दोघी ओटीचं सामान घेऊन उभ्या होत्या. केशरबाईने काळे हात पदराला पुसले आणि ओटी घेतली.

"आता देवी बसवावी लागणार," ती आत येऊन म्हणाली.

"गुणाजीला मी बघून घेतो," महिपत जमिनीवरूनच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुसरं चाक झालं. नव्या डिस्कवरचं तेल पेट्रोलच्या फडक्याने पुसलं, कॅलिपरमधला पिस्टन शिकंज्याने दाबून मागे सारला, तेव्हा वरच्या बाटलीतलं ब्रेक ऑइल उतू जाऊन पांढऱ्या रंगावर सांडलं आणि तिथला रंग फुगून सुटला. तिथे महिपतने पक्षाचं स्टिकर लावलं. पॅड बसले, नट आवळले, गाडी जॅकवरून खाली आली. महिपतने आंघोळ केली, सदरा चढवला आणि बसून गाडी सुरू केली.

"आधी ब्रेक दाबून बघा," केशरबाई म्हणाली. "पिस्टन मागे गेलाय ना. पायाला लागेपर्यंत दाबायला हवा."

"तू मला शिकवू नकोस," महिपत म्हणाला, आणि गाडी पुढे घेतली.

पहिल्यांदा दाबला तेव्हा पाय सरळ तळाला गेला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा ब्रेक लागला, पण तोवर गाडीने गेट उघडलं होतं, बाहेरच्या बाजूने, बिजागऱ्यांसकट. बाहेर उभ्या असलेल्या लोकांना महिपतने काच खाली करून शांतपणे सांगितलं, "गेट मोठं करायचंच होतं. देवीच्या दर्शनाला गर्दी होईल."

तर असे ब्रेक झाले, आणि चांगले झाले, हे कबूल करायला हवं. गाडी पाण्यावरून होडी सरकावी तशी थांबू लागली. त्या आनंदात महिपत कार्यालयावर गेला. दारात कोणी नव्हतं. आत चौघे पत्ते खेळत होते आणि गुणाजी त्याच्या, म्हणजे महिपतच्या, खुर्चीत पाय वर घेऊन झोपला होता. त्याला बघून सगळे धडपडून उठले. "या शेठ," गुणाजी डोळे चोळत म्हणाला, "तुमचाच विषय चालला होता."

महिपत घरी आला तो चेहरा पाडून. जेवताना मात्र त्याच्या डोक्यात वीज चमकली. गाडी आवाज करत नाही म्हणजे लोकांना कळत नाही. लोकांना कळत नाही म्हणजे ते आपल्याबद्दल खरं काय बोलतात ते आता ऐकता येईल. निवडणुकीआधी याहून मोठी गोष्ट कोणती?

दुसऱ्या दिवशी त्याने कार्यालयाच्या मागच्या खिडकीशी गाडी लावली आणि काच उघडून बसला. आत गुणाजी मुलीच्या लग्नाबद्दल बोलत होता. सोफा द्यायचा की कपाट, यावर जवळजवळ तासभर चर्चा झाली. मग मूळव्याधीवरची औषधं निघाली. महिपत मढवी हा विषय निघालाच नाही. कोणी शिवी घातली असती तरी त्याला बरं वाटलं असतं.

मग तो चाळींकडे वळला. टँकरभोवती हंडे, बादल्या, बायकांची झुंबड. तो भिंतीआड थांबला.

"आजपण आमच्याकडे शेवटीच," एकजण म्हणाली.

"मग केशरबायला जाऊन सांग ना," विमलाबाई म्हणाली. "मी काल सांगितलं, आज टँकर हजर. तिच्या कानावर घातलं की काम होतं."

"आणि शेठ?"

"शेठचं काय? ते भाषण करतात."

बायका हसल्या, पण वाईट अर्थाने नाही. सासऱ्याबद्दल हसावं तसं.

शेवटची आशा परशुराम. विरोधक तरी आपल्याबद्दल बोलत असेल. परशुरामच्या घरामागे गाडी लावून महिपतने कान दिला. परशुराम कोणाला तरी विचारत होता, "वॉर्डात कोणाकोणाची मतं फिरवायला लागतील?"

"मढव्यांची."

"कोण, तो केशरबाईचा नवरा? त्याचं सोड. ती काय म्हणते ते बघ."

महिपत गाडी घेऊन खाडीवर गेला. बापाची जुनी होडी उलटी पडली होती त्या काठावर तो बराच वेळ उभा होता. रात्री त्याला जेवण गेलं नाही. केशरबाईने दोनदा विचारलं. तो म्हणाला, "ब्रेक चांगले झालेत." ती म्हणाली, "झालेत की." मग तिने त्याच्या ताटात भात वाढला आणि त्याने तो खाल्ला.

नवरात्रात अंगणात देवी बसली. दर्शनाला गर्दी झाली आणि गेट नसल्यामुळे ती सोयीने आत आली. बायका देवीला हात जोडून मग केशरबाईशी बोलत बसत. महिपत प्रसाद वाटे.

त्याच सुमाराला वॉर्डांच्या आरक्षणाची सोडत निघाली. दिव्यातला त्यांचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. पक्षाच्या साहेबांनी नवराबायकोला ठाण्याला बोलावलं. टेंभी नाक्यावर देवीची आरती उरकून साहेब बाहेर आले आणि महिपतच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मढवी, तुम्ही पक्षासाठी एवढं केलंत. यावेळी वहिनींना उभं करू. काम तुम्हीच बघा."

"मी काम बघते," केशरबाई म्हणाली. "हे भाषण बघतील."

साहेब हसले, कारण त्यांना तो विनोद वाटला.

प्रचाराचं पहिलं पत्रक महिपतने स्वतः छापून आणलं. त्यावर त्याचा फोटो मोठा, हात जोडलेला, आणि कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी केशरबाई. तिने ते पाहिलं. गठ्ठा उचलून तिने टँकरच्या ड्रायव्हरला दिला आणि वडापाव बांधायला वापर म्हणाली. दुसरं पत्रक विमलाबाईने लिहून आणलं. त्यात महिपतचं नाव होतं, उमेदवाराच्या नावाच्या मध्ये, नवऱ्याचं असतं तिथे. परशुरामने आपली बायको उभी केली होती, पण तिचं नाव सभेत त्याला दोनदा विचारावं लागलं. केशरबाई चांगल्या मतांनी निवडून आली.

पहिल्या सभेला महिपत तिला स्वतः गाडी चालवत ठाण्याला घेऊन गेला. महापालिकेच्या दारात गाडी आवाज न करता थांबली. रखवालदाराने केशरबाईला सलाम करून आत सोडलं आणि महिपतला म्हणाला, "ड्रायव्हर लोक तिकडे, झाडाखाली. चहा मिळेल."

महिपत आपण कोण ते सांगणार होता. तोंड उघडलंही होतं. मग बघितलं तर केशरबाई जिना चढून दिसेनाशी झाली होती, आणि रखवालदार पुढच्या गाडीकडे गेला होता. तो झाडाखाली गेला. आठ-दहा ड्रायव्हर बाकावर बसले होते. त्यांतला एक आपल्या साहेबांच्या गाडीची तक्रार सांगत होता, ब्रेक दाबला की ओरडते, साहेब खर्च करत नाहीत.

"पुढून ओरडते की मागून?" महिपतने विचारलं.

"पुढून."

"नुसती ओरडते, की खरखरते?"

सगळ्यांनी त्याच्याकडे मान वळवली. महिपतने सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि सांगायला सुरुवात केली. अस्तर कसं संपतं, डिस्कला चर कसे पडतात, कॅलिपर तारेने का टांगायचा, आणि सगळं झाल्यावर गाडी जागेवरून हलवायच्या आधी ब्रेक पायाला लागेपर्यंत का दाबायचा. बाकावरचे पुढे सरकून बसले. चहा आला तो कोणीतरी त्याच्या हातात दिला, आणि बोलता बोलता तो गार झाला. मग तो ड्रायव्हर म्हणाला, "चला ना शेठ, दाखवतो गाडी," आणि महिपतने घड्याळ काढून खिशात टाकलं.

सभा संपवून केशरबाई बाहेर आली तेव्हा तिला नवरा दिसेना. मग एका लाल दिव्याच्या गाडीखालून तिने त्याच्या चपला ओळखल्या.

"अहो, निघायचं ना?"

"जरा थांब," गाडीखालून उत्तर आलं. "माणसं थांबलीयत माझ्यासाठी."

केशरबाईने पदर खोचला, ती रिकाम्या बाकावर बसली आणि तिने स्वतःसाठी एक चहा सांगितला.