चार नंबर प्रेसचा पंचनामा

केंदूरच्या मल्हार कोळप्यासारखा प्रेस चालवणारा गडी शिक्रापूरच्या कंपन्यांत दुसरा दावून द्यावा. दावला तर त्याचा थोरला भाऊ भैरू आपली मिशी उतरवून दील. मोटारीच्या दाराच्या पट्ट्या ठोकणारं शंभर टनी मशीन, त्याच्या नुसत्या आवाजावरनं मल्हार सांगायचा, आतला साचा, म्हंजी डाय, कुठं घासतीया. इंजिनेर लोकं आर्धा दिस हुडकायची आन् ह्यो चहा पिता पिता बोट दावायचा. बाप कोंडिबा सारी हयात मेंढरं घिऊन पार दौंडच्या भीमेपातूर फिरला. कळपातलं एक मेंढरू लंगडाया लागलं तरी म्हाताऱ्याला पाठमोरं कळायचं. त्योच कान पोराला आला.

आयटीआयला मात्र त्याला घातला भैरूनं. भैरू सातवी नापास, पन शिरूरच्या हापिसाच्या पायरीवर तीन दिस बसून ॲडमिशन घेतली. चौथ्या दिशी सायेबच म्हनला, घ्या बाबा ह्याच्या भावाला, पायरी मोकळी करा.

तर असा हा मल्हार अकरा वर्सं कंपनीत, आन् अकरा वर्सं कच्चा. परमनंटचं पत्र दर दिवाळीला निघायचं आन् दर शिमग्याला कुठंतरी अडायचं.

ह्ये अडवायचं काम करनारं एक खातं हाय, त्याला एचआर म्हंत्यात. भरती, रजा, तक्रार, काढून टाकनं, समदं तिथंच. त्येंच्या काचंच्या केबिनवर पाटी हाय, ‘आमचे दार तुमच्यासाठी सदैव उघडे आहे’. त्ये दार कार्ड लावल्याबिगर उघडत न्हाई, आन् कामगाराच्या कार्डाला वळखत न्हाई. बाहेर एक तक्रारपेटी हाय. नाव लिहू नका, गुप्त राहील. एकदा कुणीतरी बिननावाची चिठ्ठी टाकली, का कँटीनच्या डाळीत डाळ कमी हाय. दुपारच्या जेवनाला कँटीनवाला त्याच गड्याच्या ताटात पळी आपटून म्हनला, “घ्या, तुमची डाळ.”

खात्याच्या म्होरक्या अनुपमा मॅडम. बाई वाईट न्हाई, गोड बोलायच्या. पन गोड बोलनं हाच तर त्येंचा पगार. त्या आल्या त्या वर्सी त्येंनी ठरवलं, प्रत्येक कामगाराचा वाढदिवस करायचा. कॉम्प्युटर काढून बघितला तर एकशेचाळीसपैकी त्रेसष्ट माणसं एक जूनला जल्मलेली. मॅडम टाळ्या वाजवत म्हनल्या, “अय्या, काय योगायोग आहे!” आता बाईला कोन सांगनार, शाळंत घालताना गुरुजींनी विचारलं, पोरगं कवा झालं, बाप म्हनला, बाजरी काढनीला, मंग गुरुजींनीच टाकला एक जून. त्या दिशी त्रेसष्ट गड्यांत एक केक कापला. मल्हारच्या वाट्याला मेनबत्ती आली. मागं भित्तीवर लिवल्यालं, ‘आपण सारे एक कुटुंब’.

त्या कुटुंबात खुटबावचे ज्योतिबामामा व्हते. वय पन्नाशीच्या पुढं, चार नंबर प्रेसवर. मल्हार पाच नंबरवर. दोघं एका डब्यात जेवायची. मामांच्या घरची काकडी आन् मल्हारच्या घरची भाकरी, आसा करार व्हता.

प्रेसला एक डोळा आसतो, सेन्सर. मानसाचा हात आत गेला का त्यो मशीन जाग्यावर थांबवतो. पन त्यो डोळा धुळीनंबी मशीन थांबवतो, आन् मशीन थांबलं का टार्गेट बुडतं. म्हनून सुपरवायझर सत्यजीतनं चार नंबरच्या सेन्सरला एक वायर मारली. डोळा उघडा, पन आंधळा. मल्हार दोनदा बोलला. सत्यजीत म्हनला, “तू डॉक्टर हाईस का मशीनचा? जॉब काढ.”

मंगळवारी पयल्या शिफ्टला चार नंबरचा आवाज बदलला. मल्हारनं वळून बघायच्या आत मामा खाली बसल्यालं. उजव्या हाताची दोन बोटं गेली. मल्हारनं आपला रुमाल बांधला, मामांना पाठीवर घातलं आन् गेटपातूर पळाला. गेटवर वॉचमननं विचारलं, “गेटपास?” मल्हारनं काय उत्तर दिलं ते लिवन्यासारखं न्हाई. पन गेट उघडलं.

दुसऱ्या शिफ्टला मशीन पुसून पुन्ना चालू.

गुरुवारी काचंचं दार मल्हारसाठी आपसूक उघडलं. आत एसी. अनुपमा मॅडमनी खुर्ची दिली, पानी दिलं. अकरा वर्सांत पयल्यांदा.

“मल्हार, कसे आहात? मनावर ताण आलाय का? आपल्याकडं समुपदेशन आहे हं.”

“मामांच्या हातावर आलाय मॅडम. माझ्या मनाचं ऱ्हाऊ द्या.”

“हो, तेच. फार वाईट झालं. उद्या कस्टमरचं ऑडिट आहे, त्याआधी हा रिपोर्ट पूर्ण हवा. तुम्ही साक्षीदार. इथं सही करा.”

मल्हारनं कागद बघितला. इंग्रजी. बोट ठिवून ठिवून त्यानं एक वळ लावली. कामगाराच्या निष्काळजीपनामुळं अपघात.

“मामा निष्काळजी?”

“अहो, ती फक्त फॉर्मॅटची भाषा असते.”

“मंग मामांचं काय हुनार?”

“पॉलिसीप्रमाणं होईल.”

पॉलिसी काय ते समद्या शॉपला ठाव व्हतं. निष्काळजी लागला का घरी. उरल्याली तीन बोटं घिऊन खुटबावात बसायचं. मंग मॅडमनी ड्रॉवर उघडला, आन् एक पाकीट टेबलावर ठिवलं, जसं काय चुकून. वर मल्हार कोंडिबा कोळपे. परमनंटचं पत्र.

“दोन्ही सह्या उद्या एकदमच करून टाकू,” मॅडम म्हनल्या.

सांजच्याला मल्हार केंदूरला आला तवा भैरू गोठ्यात व्हता. मल्हारनं समदं सांगितलं. अकरा वर्सांचं पत्र एकीकडं, मामा दुसरीकडं. सही केली तर मामा संपले, न केली तर आपन.

भैरूनं धार आर्धी सोडली. “त्या बाईनं मशीन बघितलं का?”

“न्हाई.”

“शॉपमंदी पाय ठिवला का?”

“ती वरनं काचंतनं बघती.”

“आन् रिपोर्ट लिवला? मल्ह्या, गेल्या म्हैन्यात बिबट्यानं आपली दोन मेंढरं मारली, तवा काय झालं?”

झालं आसं, का वनखात्याचा मानूस फटफटीवर आला. उसाच्या कडंला पाऊल बघितलं, मोजलं, फोटू काढला. पाच पंच उभं केलं. तिथंच बांधावर बसून पंचनामा लिवला आन् मोठ्यानं वाचून दावला. मंग सह्या. पयली सही भैरूची. तालुक्यात तेवढी दनकट सही दुसरी न्हाई, कागदाच्या पाठीमागनं सुदीक वाचता येती.

“आन् त्या वनवाल्यानं मेंढराला निष्काळजी म्हनला का?” भैरू म्हनला. “रातच्याला जाळीत निजली व्हती, बिबट्याकडं ध्यान दिलं न्हाई, चूक मेंढराची! आसं लिवलं का?”

मल्हारला हसू आलं. दोन दिसांत पयल्यांदा.

“मेंढराचा पंचनामा जाग्यावर व्हतो, आन् मानसाचा एसीत?” भैरू म्हनला. “जा. कोळप्याची सही आसली वाऱ्यावर पडल्याली न्हाई.”

शुक्रवारी सकाळी मल्हार केबिनीत गेला. “मॅडम, सही देतो. पन जाग्यावर.”

ऑडिटवाले अकराला येनार व्हते. सही पायजेच व्हती. मॅडम उठल्या. शॉपच्या दारात वॉचमन आडवा. “मॅडम, सेफ्टी शूजबिगर आत सोडायचं न्हाई. तुमचीच ऑर्डर हाय.” स्टोअरला बाईमानसाच्या मापाचा बूट न्हवता. शेवटाला दहा नंबरचा बूट घालून मॅडम फटाक फटाक करत चार नंबरपातूर आल्या. लाईनीतल्या गड्यांनी हात थांबवलं. सत्यजीत पळत आला. “काय चाललंय? प्रॉडक्शन!”

“पंचनामा,” मल्हार म्हनला.

त्यानं डब्यातनं काकडी काढली. मामांच्या घरनंच आली व्हती, त्येंच्या भाच्याच्या हातनं. लांब पकडीत धरली आन् प्रेसच्या तोंडात सरकवली. दुसऱ्या गड्यानं बटनं दाबली. सेन्सर धड आसता तर मशीन अडलं आस्तं. धाडकन आवाज झाला आन् काकडीचं पानी मॅडमच्या चष्म्यावर उडालं.

मॅडमनी चष्मा काढला. पुसायचं ध्यानात आलं न्हाई.

“डोळ्याला वायर मारल्याली हाय,” मल्हार म्हनला. “कुनी मारली ती वायरच सांगंल. आता मी लिवलंय ते ऐका.” खिशातनं वहीचा कागद काढून त्यानं मराठीत वाचला. मशीन नंबर, तारीख, वायर, दोनदा सांगितल्यालं, मामांची दोन बोटं, पुसून पुन्ना चालू केल्यालं मशीन. मंग म्हनला, “पंच पायजेत.”

कुनी हललं न्हाई. प्रत्येकाचं एक पाकीट त्याच ड्रॉवरात व्हतं. मल्हारनं आपली सही केली, मूळ गाव, तालुका, जिल्हा आन् मोबाईल नंबरासकट, आन् पेन पुढं धरलं. लई येळ धरलं. बटनं दाबनारा गडी आदी आला. मंग वेल्डिंगचा एक बिहारी. “हमको मराठी पढ़ने नहीं आता, पर ककड़ी तो देखी है।” मंग आनि तिघं.

मॅडमनी कागद घेतला. “मी बघते,” येवढंच म्हनल्या, आन् त्या दहा नंबरच्या बुटात सावकाश निघून गेल्या.

त्या दिशी रिपोर्टात ‘निष्काळजीपणा’ जाऊन ‘तांत्रिक कारण’ आलं. दोन दिसांत सेन्सरची वायर निघाली. म्हैन्याभरात मामांना स्टोअरात बसून करायचं काम मिळालं, आन् सत्यजीतला सेफ्टी सप्ताहात ‘सुरक्षा पुढाकार’ म्हनून प्रमानपत्र. त्याच्या हातनं केक कापला.

मल्हारचं पाकीट काय आलं न्हाई. फाईल वर गेलीया म्हंत्यात. वर म्हंजी कुठं, ते वरच्यांनाबी ठाव नसावं. त्याच्या बदली एक दुसरा कागद आला. मॅडमनी बोलवून घेतलं, आवाज तसाच गोड.

“मल्हार, नियमाप्रमाणं ताकीद द्यावीच लागते. मिळाल्याची सही करा.”

“शॉपमंदी करतो मॅडम. आदी वाचून दावा.”

आता त्येंचा स्वतःचा बूट आला व्हता, पाच नंबरचा. चार नंबर प्रेसजवळ, समद्या लाईनीम्होरं, मॅडमनी वाचाया घेतलं. “श्री. मल्हार कोंडिबा कोळपे, यांनी कामाच्या ठिकाणी खाद्यपदार्थ, म्हणजे एक नग काकडी, आणून यंत्रात...”

फुडचं ऐकूच आलं न्हाई. समदी लाईन हसत व्हती. स्टोअरच्या खिडकीतनं ज्योतिबामामा वरडले, “एक न्हाई मॅडम, अर्धी! अर्धी म्या घरीच खाल्ली व्हती!”

मॅडमच्या व्हटाचा कोपरा हलला, पन त्येंनी सावरला. त्येंचीबी नोकरीच हाय.

मल्हारनं कागद मशीनवर ठिवला आन् सही केली. दनकट. मागनं वाचता येती. कंपनीनं दिल्याली नक्कल केंदूरच्या घरात फ्रेम करून लावलीया. येनाऱ्या-जानाऱ्याला भैरू ती आदी दावतो, मंग पानी देतो.