दगड पेरणारे सर

हवेची इतकी काळजी वाहणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला निजामपुऱ्यात मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहत होतो. शाळेत रसायनशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते, आणि सारी गल्ली त्यांना 'सर'च म्हणे. गल्लीतल्या कापडाच्या लूमच्या खडखडाटात आम्ही सगळे ओरडून बोलायचो. सर मात्र वर्गातल्यासारखे हळू बोलत आणि समोरच्याला जवळ यायला लावत. एकदा जिन्यात मी उसासा टाकला, तर म्हणाले, "सोडलास कार्बन डायऑक्साइड? आता तो जाणार कुठे, विचार केलास?"

त्यांनी केला होता. जवळच्या शेलार गावी त्यांची भातखाचरं होती. खडीच्या क्रशरखाली काळ्या दगडाची पिठासारखी भुकटी साठते. ती ट्रकने आणून सर खाचरांत पसरत. "हा वायू घेऊनच पाऊस उतरतो. दगडाच्या पिठाशी गाठ पडली की वायू पाण्यात बांधला जातो. मग ओढा, खाडी, समुद्र. हजारो वर्षं परत येत नाही. डोंगरही हेच करतात, पण फार सावकाश." शेजारच्या बांधावरून एक आजी ओरडली, "मास्तर, दगर पेरताव का? उगवला का आमाला पन द्या!" सरांनी टोपी काढून तिला पहिली पाटी कबूल केली. संध्याकाळी ते भुवयांपर्यंत राखाडी होऊन परतत, आणि ते उतरले की रिक्षावाला सीट झटकत बसे.

बायको वारलेली, मुलगा आखातात. घरात बोलायला कुणी नाही, म्हणून फोनवर राँग नंबर लागला तरी सर पाच मिनिटं बोलत. "एकट्या माणसाचा श्वास तो किती! तेवढा तरी आपला आपण निस्तरावा," असं एकदा हसत म्हणाले. मीही हसलो आणि वर निघून गेलो.

मग मुलगा रजेवर आला. काल्हेरकडे गोडाऊनं उठत होती, शेलारच्या जमिनीलाही गिऱ्हाईक आलं होतं. "अब्बा, लोक जमिनी विकतायत, तुम्ही दगड टाकताय!" एवढं मला वरपर्यंत ऐकू आलं. सरांचं उत्तर नेहमीसारखं हळू, ते ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी ते त्याला शेतावर घेऊन गेले. संध्याकाळी मुलगा नळावर हातपाय धूत बसला होता, तोही राखाडी.

"काय ठरलं?" मी विचारलं.

"एवढा दगड विरायला किती वर्षं लागतील म्हणून विचारलं, तर म्हणाले, तुझ्या नातवाला विचार." त्याने नळ बंद केला. "अम्मी गेल्यापासून इतकं बोलताना त्यांना ऐकलं नव्हतं. राहू दे जमीन."

आठवड्याने तो परत गेला. सर दाराशी खुर्ची टाकून बसू लागले. शेतावर जाईनात, कुणाला वायूबद्दल विचारीनात. दूधवाल्यानेसुद्धा मला विचारलं, "सर बिमार हाय का?"

शुक्रवारी सुट्टी, लूम बंद होते. गल्ली शांत, आणि खालूनही काही आवाज नव्हता. मी उतरलो.

"सर, शेतावर मीही येऊ?"

"कपडे खराब होतील."

"होऊ देत."

ते उठून चपला शोधू लागले. दुपारपर्यंत आम्ही पाट्या वाहिल्या, आणि सर अखंड बोलत होते. मला निम्मं कळलं नाही. मध्येच थबकून त्यांनी विचारलं, "कंटाळलास?"

"नाही, सर. सांगा पुढे."

खरंच कंटाळलो नव्हतो. तीन वर्षं मी त्यांच्या डोक्यावर राहत होतो, आणि तेवढे सगळे शुक्रवार वर नुसता लोळत पडलो होतो.