पाचवी आखाजी

फेब्रुवारीतला पहिला सोमवार. प्रकल्पाच्या खात्यात शिल्लक अकरा लाख बेचाळीस हजार रुपये. प्राचार्यांच्या केबिनमध्ये आम्ही तिघे होतो : प्राचार्य, मॅडम आणि प्रकल्पाचा हिशेब ठेवणारा मी. परदेशातून आलेला ईमेल प्राचार्यांनी वाचून दाखवला. तिथल्या सरकारने मदत थांबवली होती. आजपासून एक रुपयाही खर्च करायचा नाही, शिल्लक परत पाठवायची.

मॅडमनी चष्मा केसांत सरकवला आणि म्हणाल्या, "आधी आखाजी, मंग बठ्ठं."

"मॅडम, पैसेच नाहीत आता."

"म्हणून आखाजी पुढं ढकलायची का, सर? पंचांगवाल्यांना ईमेल करता?"

मॅडम आमच्या धुळ्याच्या कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवायच्या. एरवी बोलणं शुद्ध, पण मनाला लागलं की अहिराणी बाहेर यायची आणि 'सगळं'चं 'बठ्ठं' व्हायचं. चष्मा केसांत गेला की समजायचं, आता या ऐकणार नाहीत. अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. आवाज चढवत नाहीत आणि सहसा हरतही नाहीत.

साक्रीच्या पश्चिमेला डोंगराकडच्या गावांत सिकलसेलचा आजार आहे. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, सांधे ठणकतात, बाळंतपण जिवावर येतं. लग्न झालेल्या मुलींमध्ये हा आजार कसा वाढतो, कोणाला कधी जपायचं, हे दरवर्षी त्यांचं रक्त तपासून शोधायचं होतं. परदेशातलं एक विद्यापीठ भागीदार, पैसा तिथल्या सरकारचा. त्यातूनच मुलींना गोळ्याही मिळायच्या. पाच वर्षांचे पाच नमुने मिळाले तरच काही ठामपणे सांगता येणार होतं. चार झाले होते.

अगदी सुरुवातीला आम्ही परदेशी वेळापत्रकाप्रमाणे जानेवारीत गेलो होतो. गावात म्हाताऱ्या आणि कोंबड्या. बाकीची माणसं ऊसतोडीला गुजरातेत, मुली सासरी. रिकामी बर्फपेटी घेऊन परतताना मॅडम जीपमध्ये म्हणाल्या, "भाऊसाहेब, आपण मूर्ख आहोत. मी तरी आखाजीशिवाय कधी माहेरी गेले?" अक्षय तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, खानदेशातली लेक माहेरी येतेच. तेव्हापासून प्रकल्पाचं वर्ष आखाजी ते आखाजी असं ठरलं.

परदेशातल्या साहेबांना हे पटेना. व्हिडिओ कॉलवर त्यांनी विचारलं, तारीख दरवर्षी का बदलते? मॅडम म्हणाल्या, चंद्रामुळे. कायमची एक तारीख नाही का ठरवता येणार? "चंद्राला विचारून कळवते," मॅडम म्हणाल्या. साहेबांनी ते गंभीरपणे टिपून घेतलं. मी रुमालात तोंड लपवलं.

दर आखाजीला गावात लिंबाच्या झाडांना झोके बांधलेले असायचे. मुली गाणी म्हणत झोका घ्यायच्या आणि एकेक जण उतरून हात पुढे करायची. तिची जागा मोडू नये म्हणून मॅडम मोकळा झोका धरून उभ्या राहायच्या. एकदा एकीने विचारलं, "अक्का, दरसाल रगत लेस, त्यानं काय करस?"

"ठेवस. पाच साल व्हतीन तवय सांगसू."

"भुली जाशी!"

"मी भुलनू तं तू मनी वेणी धर," मॅडम म्हणाल्या. सगळ्या हसल्या. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या लेखी तो न विसरता सांगण्याचा शब्द दिलेला होता.

मदत थांबल्यावर गोळ्यांचा साठा मार्चपर्यंतही पुरला नाही. मॅडमनी पगारातून काही आणल्या. पण मुलींची सासरं कुठे कुठे विखुरलेली. सगळ्यांपर्यंत त्या पोचल्या नाहीत.

आखाजी आली. प्रकल्पाच्या जीपची किल्ली प्राचार्यांच्या कपाटात बंद होती. मॅडमनी भाड्याची गाडी ठरवली. माझं काम खरं तर संपलं होतं, पण बायको म्हणाली, "तुम्ही जा सोबत. त्या बाई उन्हात उपाशी फिरतील." गाडीत बसता बसता मी सवयीने विचारलं, "मॅडम, हा खर्च कुठल्या खात्यात टाकू?"

"माझ्या नावावर. आणि पुन्हा विचारू नका."

गावोगाव मुली आल्या होत्या. शेवटच्या घरापुढे मात्र झोका रिकामा होता आणि आई ओट्यावर बसली होती. म्हणाली, "अक्का, पोर उनी नही."

मुलगी होळीच्या सुमारास सासरी बाळंतपणात वारली होती. महिनाभर तिच्याकडे गोळी नव्हती. गोळी असती तर वाचली असती का, हे मला कळत नाही. मॅडमनाही सांगता आलं नाही. त्या पेटी उचलून वळल्या, तेव्हा त्या बाईने बाही वर सरकवली आणि हात पुढे केला.

"तिनं नही तं मनं ले. आखाजीना दिन तिनी जागा खाली नको."

नावनोंदणी झालेल्या मुलीशिवाय कोणाचं रक्त घ्यायचं नाही, हा नियम मॅडमनी स्वतः सगळ्यांना पाठ करून घेतला होता. त्या खाली बसल्या आणि पट्टा बांधला. सुई शिरेपर्यंत नेली आणि मागे घेतली. त्या बाईनेच दुसऱ्या हाताने त्यांचं मनगट धरलं. "धीर धर, अक्का."

धुळं जवळ आलं. तेव्हा मॅडम म्हणाल्या, "भाऊसाहेब, या नळीवर काय लिहू?"

मे महिन्यात परदेशातून दुसरा ईमेल आला. थांबवण्याच्या आदेशानंतर घेतलेले नमुने ग्राह्य नाहीत. प्रकल्पाची मान्यता संपल्यामुळे आधीचेही ठेवता येणार नाहीत. सगळे नष्ट करावेत, फ्रीझर परत द्यावा. मॅडमनी पुण्या-मुंबईच्या संस्थांना फोन केले. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. मान्यता संपलेलं रक्त घ्यायला कोणी तयार झालं नाही. त्या प्राचार्यांना म्हणाल्या, "सर, माझ्या घरी ठेवू द्या." प्राचार्य वाईट माणूस नव्हते. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मॅडम, घरी कुठे ठेवणार? आपल्या उन्हाळ्यात?"

नमुने न्यायला गाडी आली त्या दिवशी मॅडम कॉलेजात नव्हत्या. राजीनामा माझ्या टेबलावर ठेवून सकाळच्या एसटीने त्या साक्रीकडे निघाल्या होत्या, गावोगाव जाऊन सांगायला की आता सांगण्यासारखं काही उरलं नाही. त्यांचा फोन पुढे मला लागला नाही.

गाडीवाल्याने नळ्या पिवळ्या पिशव्यांत भरल्या आणि काट्याला लावल्या. वजन बर्फासकट धरलं. मी हरकत घेतली नाही. बेचाळीस किलो, किलोला पस्तीस रुपये. एकूण चौदाशे सत्तर रुपये, कॉलेजच्या किरकोळ खर्चातून, जैविक कचरा उचलणाऱ्याला रोख दिले.