घाटकोपरला न झालेला काळोख

आमच्या नाटकाचा शेवट काळोखात होता. बाप रिकाम्या खुर्चीकडे पाहत बसतो आणि उजेड हळूहळू विझतो. दिग्दर्शक माझा कॉलेजपासूनचा मित्र, बापाचं कामही तोच करायचा. हा शेवट आम्ही दोघांनी मिळून ठरवला होता.

नाटकाचे दिवे मी सांभाळायचो. घाटकोपरच्या शाळेच्या हॉलमध्ये दिवे मंद करायचा डिमर नव्हता. मी मातीच्या कुंडीत मिठाचं पाणी भरून त्यात तारा जोडलेल्या दोन धातूच्या पट्ट्या सोडल्या. एक पट्टी वर उचलत नेली की दिवे मंद होत जातात.

शेवटी मी पट्टी पूर्ण बाहेर काढली. मित्राच्या चेहऱ्यावरचे दोन दिवे तसेच जळत राहिले. खुर्चीकडे पाठ करून तो प्रेक्षकांसमोर रडत होता. टाळ्या पडल्या.

वायरमन म्हणाला, "ते दोन कुंडीतून नाहीत, डायरेक्ट जोडलेत. तुमच्या दोस्तानेच सांगितलं. तुम्हाला बोलू नको म्हणाला."

मित्र मेकअप पुसत होता. "लोकांच्या घरी आता रंगीत टीव्ही आलाय. त्यांना चेहरा दिसायला हवा."

"मला सांगायचंस ना."

"तू ऐकलं असतंस का रे?"

बोरिवलीच्या नाट्यगृहात चांगले डिमर होते. तिथे ते दोन दिवे मीच डायरेक्ट जोडले आणि शेवटच्या प्रवेशाला डिमर तिथल्या माणसाकडे देऊन बाहेर जाऊन उभा राहिलो.